वसाहतींचा पुनर्विकास आणि रहिवाशांचा अधिकार : इंग्लंडमधील अनुभवाचा अभ्यास

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत जुन्या चाळी आणि सरकारी वसाहती पाडून त्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. अशा प्रत्येक योजनेच्या माहितीपत्रकात 'लोकसहभाग' हा शब्द हमखास छापलेला आढळतो. परंतु लोकसहभाग म्हणजे नेमके काय? सभेला बोलावले म्हणजे सहभाग झाला काय? संमतीपत्रावर सही घेतली म्हणजे सहभाग झाला काय? आराखडा तयार झाल्यानंतर तो भिंतीवर लावून 'आपल्या सूचना कळवाव्यात' असे म्हटले, तर त्याला सहभाग म्हणावे काय? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी प्रस्तुत लेखात इंग्लंडमधील कौन्सिल वसाहतींच्या अनुभवाचा विचार केला आहे. सरकारने कष्टकऱ्यांसाठी घरे बांधणे, त्या घरांची दुरवस्था होणे आणि मग त्यांच्या पुनर्विकासाचा प्रश्न उभा राहणे, हा सारा प्रवास त्या देशाने आपल्या बराच आधी केला आहे. त्यात यश आहे, फसवणूक आहे आणि ७२ माणसांचा मृत्यूही आहे.

प्रस्तुत लेखक हा वास्तुशास्त्राचा किंवा नगररचनेचा जाणकार नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत लिपिक म्हणून नोकरी करतो. मात्र गृहनिर्माण संस्थांची खाती रोज नजरेखालून जात असल्यामुळे इमारत बांधून झाल्यावर पुढे तिचे काय होते, हे पासबुकाच्या नोंदींतून बऱ्यापैकी कळते. त्याच बाजूने या विषयाकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

कौन्सिलची घरे कशी आली?

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली इंग्लंडमध्ये गृहनिर्माण व नगररचना कायदा झाला. मंत्री ख्रिस्तोफर ॲडिसन यांच्या नावाने तो ओळखला जातो. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना आणि कामगारांना राहण्यालायक घर मिळावे यासाठी तीन वर्षांत पाच लाख घरे बांधण्याचे उद्दिष्ट ठरले होते. त्यातील निम्मीही बांधून झाली नाहीत. परंतु कामगाराच्या घराची जबाबदारी स्थानिक नगरपालिकेची आहे आणि त्यासाठी सरकारने पैसा दिला पाहिजे, हे तत्त्व मात्र या कायद्याने रुजले. नगरपालिकेला तिकडे कौन्सिल म्हणतात, म्हणून ही कौन्सिलची घरे. लंडनच्या पूर्वेस बेकनट्री येथे १९२१ ते १९३५ या काळात अशी सुमारे २६ हजार घरे बांधली गेली. घरात संडास, पुढे-मागे थोडी बाग. झोपडपट्टीवजा वस्तीतून आलेल्या कुटुंबांना ते स्वप्नच वाटले असेल.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याच सुमारास, म्हणजे १९२० साली, मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते स्थापन झाले. आपण ज्यांना बी.डी.डी. चाळी म्हणतो त्या याच खात्याने बांधल्या. योजना ५० हजार खोल्यांची होती. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या त्या वरळी येथे १२१, नायगाव येथे ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडी येथे १२ अशा एकूण २०७ चाळी. लंडनच्या कामगाराला बाग असलेले घर आणि मुंबईच्या कामगाराला १६० चौरस फुटांची एक खोली व मजल्यावर सामाईक संडास. राज्यकर्ते तेच, काळही तोच. फरक का पडला, हे या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई प्रचंड होती. १९५६ च्या कायद्याने जितकी इमारत उंच तितके सरकारी अनुदान अधिक, असा नियम झाला. मग गावोगावच्या कौन्सिलांनी कारखान्यात तयार केलेले काँक्रीटचे तुकडे एकमेकांवर रचून मनोरे उभे केले. घाईचे फळ लवकरच दिसले. १६ मे १९६८ रोजी लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली मनोऱ्यात अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक संपूर्ण कोपरा पत्त्यांच्या बंगल्यासारखा खाली आला. चार जण मृत्युमुखी पडले. इमारतीत लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

मँचेस्टरमधील ह्यूम येथे १९७२ साली अर्धचंद्राच्या आकाराच्या चार अजस्र इमारती पूर्ण झाल्या. त्यांना इंग्लंडच्या नामांकित वास्तुशिल्पींची नावे देण्यात आली. परंतु १९७४ मध्ये वरच्या गॅलरीतून पडून एक लहान मूल दगावले. घर गरम ठेवण्याची जी व्यवस्था जमिनीखाली केली होती, तिचा खर्च तेलाचे भाव वाढल्यावर भाडेकरूंना झेपेना. भिंतींना ओल, झुरळांचा उपद्रव. मुलेबाळे असलेल्या कुटुंबांनी आम्हाला येथून हलवा म्हणून मागणी केली. बांधून वीस-बावीस वर्षे होतात न होतात तोच १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात या इमारती पाडाव्या लागल्या. कर्जाची फेड मात्र इमारतीच्या आयुष्यापेक्षा लांबली. बँकेच्या भाषेत याला बुडीत मालमत्ता म्हणतात.

येथे प्रश्न उद्भवतो की, या इमारती बांधताना राहणाऱ्यांना कोणी काही विचारले होते काय? नव्हते. आईला स्वयंपाकघरातून अंगणात खेळणारे मूल दिसले पाहिजे, ही साधी गोष्ट राहणाऱ्या बाईला ठाऊक असते. नकाशा काढणाऱ्याला ती ठाऊक असतेच असे नाही.

सहभागाची शिडी

१९६९ साली शेरी अर्नस्टाइन या अमेरिकन विदुषीने 'नागरिक सहभागाची शिडी' या नावाचा एक लेख लिहिला. नियोजनाच्या अभ्यासक्रमात तो आजही शिकवला जातो. या शिडीला आठ पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्या दोन पायऱ्यांवर सहभागाचे केवळ सोंग असते. लोकांना एखाद्या समितीवर बसवून त्यांची संमती वदवून घेतली जाते, किंवा दोष तुमच्यातच आहे असे समजावून त्यांना 'सुधारले' जाते. त्यावरच्या तीन पायऱ्या म्हणजे माहिती देणे, सल्ला विचारणे आणि थोडेफार देऊन समाधान करणे. येथे लोक बोलू शकतात, परंतु त्यांचे ऐकलेच पाहिजे असे बंधन कोणावर नसते. खरा अधिकार वरच्या तीन पायऱ्यांवर सुरू होतो. तेथे प्रथम भागीदारी, मग काही निर्णय लोकांकडे सोपवणे आणि शेवटी संपूर्ण नियंत्रण.

आपल्याकडे ज्याला लोकसहभाग म्हणतात तो या शिडीवर कोठे बसतो, हे वाचकांनी आपापल्या अनुभवावरून ठरवावे. प्रस्तुत लेखकाच्या नात्यातील एका वृद्ध बाईंकडून त्यांच्या वसाहतीत एका संध्याकाळी तीन कागदांवर सह्या घेण्यात आल्या. काय लिहिले आहे असे विचारता 'मावशी, सगळ्यांनी केल्या आहेत' एवढेच उत्तर मिळाले. शिडीवरची ती पायरी कोणती?

मतदानाचा अधिकार कसा मिळाला?

१९८० च्या गृहनिर्माण कायद्याने मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने कौन्सिलच्या भाडेकरूंना आपले राहते घर सवलतीने विकत घेण्याचा हक्क दिला. चांगली घरे, बागेची घरे भराभर विकली गेली. कौन्सिलच्या हाती मुख्यतः मनोरे आणि मोडकळीस आलेल्या वसाहती उरल्या. त्यात राहणारे लोकही अधिकाधिक गरीब व बेरोजगार होत गेले.

मग १९८८ साली नवा कायदा आला. त्यात दोन तरतुदी महत्त्वाच्या होत्या. पहिली अशी की, सरकार एखादी वसाहत कौन्सिलकडून काढून 'हाउसिंग ॲक्शन ट्रस्ट' नावाच्या मंडळाच्या ताब्यात देईल, ते मंडळ सरकारी पैशाने तिची सुधारणा करील आणि नंतर ती दुसऱ्या कोणाकडे सोपवील. मूळ मसुद्यात भाडेकरूंना विचारण्याची सोय नव्हती. ज्या वसाहतींची नावे जाहीर झाली तेथे मोठा विरोध झाला. आपले घर खाजगी मालकाच्या हाती जाईल ही भीती त्यांना होती व ती अनाठायी नव्हती. अखेर विधेयक उमरावांच्या सभागृहात असताना भाडेकरूंच्या मतदानाची अट त्यात घालावी लागली. १९९० मध्ये संडरलंड आणि लंडनमधील सदर्क येथील भाडेकरूंनी या योजनेला चक्क नकार दिला. हा नकार व्यर्थ गेला नाही. त्यानंतर सरकारला भाडेकरूंशी वाटाघाटी करणे, आश्वासने लेखी देणे भाग पडले. सगळ्या देशात मिळून शेवटी असे सहाच ट्रस्ट स्थापन झाले.

त्यांपैकी बर्मिंगहॅममधील कॅसल व्हेल हा अभ्यासण्यासारखा आहे. पूर्वीच्या विमानतळाच्या जागेवर १९६० च्या दशकात ही वसाहत बांधली गेली. तिच्यात ३४ मनोरे होते. गळती, बेकारी, गुन्हेगारी यांमुळे तिचे नाव इतके खराब झाले होते की, पत्ता सांगितला तर नोकरी मिळत नसे, अशी तेथील लोकांची तक्रार होती. (आपल्याकडेही पत्त्यावरून आणि आडनावावरून काय घडते ते सर्वश्रुत आहे.) १९९३ साली मतदान झाले आणि मत देणाऱ्यांपैकी ९२ टक्के भाडेकरूंनी ट्रस्टला होकार दिला. संचालक मंडळात रहिवाशांनी निवडून दिलेले प्रतिनिधी होते. पुढच्या बारा वर्षांत ३४ पैकी ३२ मनोरे पाडले गेले आणि त्या जागी बहुतांशी बैठी व दुमजली घरे आली. घरांबरोबरच नोकरीचे प्रशिक्षण, दवाखाना, दुकाने, इतकेच काय रहिवाशांचे स्वतःचे रेडिओ केंद्र, हे सारे त्याच कार्यक्रमात धरले होते. २००५ साली ट्रस्ट विसर्जित होताना घरे कोणाकडे जावीत हेही भाडेकरूंच्याच मतावर ठरले.

वॉल्टरटन आणि एल्जिनचे भाडेकरू

१९८८ च्या कायद्यातील दुसरी तरतूद 'भाडेकरूंची निवड' या गोंडस नावाची होती. मान्यताप्राप्त खाजगी मालक किंवा संस्था कौन्सिलची वसाहत ताब्यात घेऊ शकेल, भाडेकरूंनी मतदानाने विरोध केला तरच ते थांबेल. मतमोजणीचा नियम तर असा की, निम्म्या भाडेकरूंनी मत दिलेले असले म्हणजे जे मत देणार नाहीत ते मालक बदलण्याच्या बाजूने आहेत असे धरायचे! मेलेला माणूससुद्धा होकारार्थी मोजला जाईल, अशी त्या काळी टीका व्हावी असाच हा नियम होता. सरकारचा हेतू कौन्सिलची घरे खाजगी हाती जावीत हा होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण कायदा वाचणारे भाडेकरू असले की काय होते, ते पाहण्यासारखे आहे.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलच्या हद्दीत, पॅडिंग्टनच्या बाजूस, वॉल्टरटन आणि एल्जिन या दोन लगतच्या वसाहती आहेत. वॉल्टरटनमध्ये जुनी व्हिक्टोरियाकालीन घरे, एल्जिनमध्ये दोन उंच मनोरे. १९८५ साली भाडेकरूंना कळले की कौन्सिल या वसाहती खाजगी विकासकांना विकण्याच्या विचारात आहे. त्यांनी कृतिगट स्थापन केला. मोर्चे काढले, कौन्सिलच्या सभांना गर्दी केली, विकासकांच्या दारात निदर्शने केली. परंतु केवळ निदर्शनांवर ते थांबले नाहीत. १९८८ चा कायदा हाती येताच त्यांनी तो नीट वाचला आणि त्यांच्या ध्यानात आले की कायद्यातील 'मान्यताप्राप्त संस्था' आपण स्वतःच होऊ शकतो. भाडेकरूंनी स्वतःची संस्था नोंदवली, 'वॉल्टरटन अँड एल्जिन कम्युनिटी होम्स'. जी तरतूद घरे खाजगीत नेण्यासाठी होती, तिचा आधार घेऊन भाडेकरूंनी घरे स्वतःच्या संस्थेकडे मागितली.

१९९१ च्या मतदानात ७२ टक्के लोकांनी आपल्या संस्थेच्या बाजूने कौल दिला. म्हणजे गैरहजर मतांच्या त्या विचित्र नियमाचा आधार घेण्याची त्यांना गरजच पडली नाही. एप्रिल १९९२ मध्ये ९२१ घरे भाडेकरूंच्या संस्थेच्या ताब्यात आली.

आता या व्यवहारातील पैशाची बाजू पाहू. साधारणतः घर घेणारा पैसे देतो. येथे उलटे झाले. वर्षानुवर्षे दुरुस्ती न केल्यामुळे घरांना लागणारा दुरुस्तीचा खर्च त्यांच्या किमतीहून अधिक भरत होता. म्हणजे मालमत्तेची किंमत शून्याखाली. त्यामुळे कौन्सिललाच संस्थेला १ कोटी ७५ लाख पौंड द्यावे लागले. तिकडे अशा रकमेला 'हुंडा' म्हणतात. शब्द आपल्याला खटकणारा आहे, परंतु तत्त्व फार मोलाचे आहे. ज्याने इमारतीची हेळसांड केली त्याने ती सोपवताना दुरुस्तीचा पैसाही सोबत दिला पाहिजे, हे ते तत्त्व होय. जुनी घरे शक्यतो न पाडता दुरुस्त करण्यात आली. दोन मनोऱ्यांत ॲस्बेस्टॉस होते, ते १९९४ मध्ये पाडण्यात आले. नव्या घरांचे नकाशे वास्तुशिल्पींनी भाडेकरूंबरोबर बसून काढले. संस्थेचा सभासद प्रत्येक रहिवासी होऊ शकतो आणि कारभारी मंडळ सभासद निवडतात.

ॲस्बेस्टॉस असलेल्या त्याच मनोऱ्यांत १९८० च्या दशकाच्या अखेरीस वेस्टमिन्स्टर कौन्सिलने बेघर कुटुंबांना ठेवले होते. याच कौन्सिलने १९८६ च्या निवडणुकीनंतर मोक्याच्या प्रभागांतील रिकामी होणारी घरे विकून तेथे आपल्या पक्षाला मत देतील असे लोक आणण्याचे धोरण आखले होते. लेखापरीक्षक जॉन मॅगिल यांनी ते उघडकीस आणले आणि डिसेंबर २००१ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने ते बेकायदेशीर ठरवले. कौन्सिलच्या तत्कालीन नेत्या शर्ली पोर्टर यांना २००४ मध्ये १ कोटी २३ लाख पौंड भरून तडजोड करावी लागली. तात्पुरती सत्ता हाती असलेल्यांनी घराचा असा उपयोग केला. हिशेब तपासणाऱ्या माणसाचे महत्त्व यावरून कळावे.

सल्ला आणि अधिकार

सगळ्याच ठिकाणी इतके घडले नाही. न्यूकॅसलमधील बायकर येथे राल्फ अर्स्किन या वास्तुशिल्पीने १९६९ पासून काम केले. त्याने आपले कार्यालय वस्तीतच, अंत्यविधीचे सामान पुरवणाऱ्या एका जुन्या दुकानात थाटले. लोक जाता-येता आत येत, बोलत, नकाशे पाहत. वसाहत सुंदर झाली. आज ती संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. परंतु मूळ वस्तीत सुमारे १७ हजार लोक राहत होते आणि त्यांपैकी वीस टक्केही नव्या बायकरमध्ये राहायला आले नाहीत, असे अभ्यासक सांगतात. काम टप्प्याटप्प्याने, वर्षानुवर्षे चालले आणि तोवर लोक पांगले. हेतू चांगला, माणूस भला, तरी परत येण्याचा हक्क कागदावर पक्का नसेल तर काय होते त्याचे हे उदाहरण आहे.

लंडनच्या सदर्कमधील हेगेट वसाहतीत तर हेतूबद्दलही शंका घ्यावी लागते. १९७४ मध्ये पूर्ण झालेल्या या वसाहतीत हजारावर कौन्सिलची घरे होती. चर्चा झाल्या, सभा झाल्या, आश्वासने दिली गेली. मग लोकांना हलवण्यात आले आणि २०१४ पर्यंत वसाहत जमीनदोस्त झाली. नव्या योजनेच्या मंजूर आराखड्यात सुमारे २,५०० घरे होती. त्यांपैकी जुन्या पद्धतीच्या सामाजिक भाड्याची फक्त ८२! ज्यांनी १९८० च्या कायद्याने आपले घर विकत घेतले होते, त्यांना जी भरपाई मिळाली तीत त्याच परिसरात दुसरे घर येईना. ते लंडनच्या कडेला आणि त्याही पलीकडे फेकले गेले. घराचा मालक झाला म्हणजे माणूस सुरक्षित झाला, हा आपल्याकडचा समज यावरून तपासून पाहण्यासारखा आहे.

आणि ग्रेनफेल. लंडनमधील केन्सिंग्टन अँड चेल्सी या श्रीमंत बरोत ग्रेनफेल टॉवर हा २४ मजली मनोरा होता. त्याचा कारभार एका 'भाडेकरू व्यवस्थापन संस्थे'कडे होता. तिच्या मंडळात रहिवाशांसाठी जागा होत्या. म्हणजे कागदावर पाहिले तर अर्नस्टाइनच्या शिडीची बरीच वरची पायरी. २०१६ मध्ये मनोऱ्याचे नूतनीकरण पूर्ण झाले. खर्च वाचवण्यासाठी बाहेरच्या आवरणासाठी आधी ठरलेल्या जस्ताऐवजी स्वस्त पत्रे लावले गेले, ज्यांच्या पोटात पेट घेणारे प्लॅस्टिक होते. रहिवाशांच्या एका गटाने नोव्हेंबर २०१६ मध्येच लिहून ठेवले होते की, मोठी प्राणहानी झाल्याशिवाय या संस्थेची बेफिकिरी उघड होणार नाही. १४ जून २०१७ च्या पहाटे आग लागली. ७२ जणांनी प्राण गमावले. सप्टेंबर २०२४ मध्ये चौकशीचा अंतिम अहवाल आला. हे सर्व मृत्यू टाळता आले असते, असे त्यात म्हटले आहे. तक्रार करणाऱ्या रहिवाशांकडे ती संस्था उपद्रवी माणसे म्हणून पाहत होती, हेही चौकशीत पुढे आले. संस्थेच्या नावात 'भाडेकरू' हा शब्द होता, परंतु पत्रे कोणते लावायचे हा निर्णय भाडेकरूंच्या हाती नव्हता.

ग्रेनफेलनंतर वर्षभराने, जुलै २०१८ मध्ये, लंडनचे महापौर सादिक खान यांनी एक अट घातली. महापौरांच्या निधीतून मोठा पुनर्विकास करावयाचा असेल आणि त्यात सामाजिक भाड्याची घरे पाडावी लागणार असतील, तर आधी रहिवाशांचे मतदान घेतले पाहिजे. भाडेकरूंना मत आहे, स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकांना आहे, आणि त्या वसाहतीत राहून वर्षभराहून अधिक काळ घराच्या प्रतीक्षायादीत असलेल्यांनाही आहे. मतदानापूर्वी किती घरे, कोणत्या भाड्याने, परत येण्याचा हक्क कोणाला, हे सारे लेखी द्यावे लागते. तीस वर्षांपूर्वी भाडेकरूंनी भांडून मिळवलेली गोष्ट पुन्हा एकदा नियमात आली.

पंधराव्या वर्षी लिफ्टचे बिल कोण भरणार?

'शाश्वत' हा शब्दही आजकाल फार वापरला जातो. सौरऊर्जा, पावसाचे पाणी, झाडे या सर्व गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु बँकेच्या काउंटरवरून पाहिले तर शाश्वत इमारत म्हणजे जिच्या देखभालीचे पैसे तिच्यात राहणाऱ्यांना परवडतात ती इमारत. ह्यूमच्या इमारती आधी पडल्या त्या हिशेबात.

काही वर्षांपूर्वी एका पुनर्विकसित गृहनिर्माण संस्थेचे सचिव मुदत ठेव मोडण्यासाठी आले होते. लिफ्ट बंद होती, पाण्याचा पंप जळला होता. विकासकाने दिलेला निधी चार-पाच वर्षांत संपला होता. पूर्वी चाळीत महिना नाममात्र भाडे भरणाऱ्या कुटुंबांना आता हजारांत देखभाल खर्च येत होता. थकबाकी वाढत गेली आणि कित्येक मूळ रहिवासी आपले नवे घर दुसऱ्याला भाड्याने देऊन बदलापूर-टिटवाळ्याकडे निघून गेले. 'घर मोठं झालं, पगार तेवढाच राहिला,' असे ते सचिव म्हणाले. आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड जमा व्हावयास हवा. उंच इमारतीचा बांधकाम खर्चच एवढा असतो की ही पाऊण आणि पाव टक्क्याची रक्कमही धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या घराला जड जाते. नकाशा मंजूर होताना हा हिशेब कोणी मांडत नाही. वेस्टमिन्स्टरच्या भाडेकरूंनी आधी हिशेब मांडला आणि मग घरे घेतली, म्हणून त्यांचे उदाहरण वर इतके विस्ताराने दिले.

बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने मिळते, ही निश्चितच मोठी गोष्ट आहे. वरळी येथील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. इमारती चाळीस मजली आहेत. शिवडीच्या बारा चाळींचे गाडे मात्र जमीन बंदर प्राधिकरणाची असल्यामुळे बाकीच्यांच्या मागे राहिले.

सहकारी संस्थांच्या पुनर्विकासासाठी महाराष्ट्रात कलम ७९अ खाली २००९ साली निर्देश निघाले आणि ४ जुलै २०१९ रोजी ते बदलून आवश्यक संमतीचे प्रमाण ५१ टक्क्यांवर आणले गेले. विशेष सभेचे चित्रीकरण करणे, निबंधकाच्या प्रतिनिधीने हजर राहणे, अशा अटी त्यात आहेत. नियम वाईट नाहीत. परंतु ५१ जणांच्या होकारावर ४९ जणांचे घर पाडले जाणार असेल, तर त्या ५१ जणांपुढे कोणते कागद ठेवले होते, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

अभ्यास म्हणून विद्यार्थ्यांनी आपल्या किंवा शेजारच्या वसाहतीतील एक योजना निवडावी. संस्थेचे सभासद असलेल्या पालकांकडून विकासकाच्या प्रस्तावाची प्रत मागावी; सरकारी योजना असल्यास माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करावा. पहिला आराखडा कोणत्या तारखेला तयार झाला आणि रहिवाशांची पहिली सभा कोणत्या तारखेला झाली, या दोन तारखा एका ओळीत लिहाव्यात. मग देखभालीचा महिन्याचा अंदाजित खर्च काढून दहा घरांत जावे आणि घरात येणारे उत्पन्न विचारावे. भाड्याने राहणारे, पोटभाडेकरू आणि ज्यांच्या नावावर खोली नाही अशा विधवा बहिणी-सुना यांना विसरू नये. त्यांची नावे बहुधा कोणत्याच यादीत नसतात.